नॉर्वेला निघालेली ढेप

अठरा फेब्रुवारी. सकाळी आठ वाजता आम्ही शेडमधल्या कांद्याच्या वजनकाट्यावर विहीणबाईंची बॅग चढवत होतो. या काट्यावर एरवी गोणी चढते, त्यामुळे आमच्या ह्यांनी सवयीनं आकडा गावभर ऐकू जाईल असा ओरडला, "एकतीस सहाशे!" व्याही वही घेऊन शेजारी उभे होते, त्यांनी तो गंभीरपणे लिहून घेतला. दुसरी बॅग चौतीस भरली. विमानात माणशी तेवीस किलो चालतात. आणि माणसं दुसऱ्या दिवशी दुपारी निघायची होती.

माझा मुलगा नॉर्वेत नोकरीला आहे. तिथल्याच मुलीशी त्यानं लग्न केलं, तेही तिकडंच. मग गावाला जेवण घालायचं म्हणून जानेवारीत सगळे खुटबावला आले. रजा संपल्यावर मुलगा आणि सून परत गेली. सुनेचे आई-वडील मात्र आणखी तीन आठवडे राहिले. दोघंही रिटायर झालेले, घाई कशाची नव्हती. माझं इंग्रजी दहावीपुरतं, विहीणबाईंचंही जवळपास तेवढंच, त्यामुळे आमचं छान जमलं. अवघड काही बोलायची सोयच नव्हती.

व्याही रेल्वेचे ड्रायव्हर होते. त्यांना रोज सकाळी हे दौंड स्टेशनवर सोडून येत. गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला कसं लावतात, हे बघत ते दिवसभर बाकावर बसत आणि संध्याकाळी खूश होऊन घरी येत. असा पाहुणा मला आणखी दोन महिने चालला असता.

बॅगा जड झाल्या त्या मानपानामुळे. आमच्याकडं एका घरचा पाहुणा म्हणजे भावकीतल्या सगळ्या घरांचा पाहुणा. प्रत्येक घरी चहा, आणि निघताना माणसाला टॉवेल-टोपी आणि नारळ, बाईला साडी किंवा निदान ब्लाउजपीस. माझं माहेर शिरूरकडचं. तिथं चार भाऊ आणि चार चुली, म्हणून एका दुपारी चार वेळा जेवण झालं आणि चार टॉवेल वाढले. व्याह्यांना टोपी आवडली होती. त्यांच्याकडं आता सतरा होत्या.

ह्या वस्तू वापरायच्या नसतात, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. टॉवेल या घरातून त्या घरात जातो. फाटला तर देऊन देऊन फाटतो, अंग पुसून नव्हे. माझा बेत असा होता की सगळं ट्रंकेत टाकायचं आणि पुढच्या लग्नसराईत फिरवायचं. पण विहीणबाईंनी कुठली वस्तू कुठल्या घरची, ते पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलेलं. घरांची नावं त्यांना येत नव्हती, म्हणून नावाच्या जागी चित्रं. एका साडीपुढं म्हैस काढलेली, एका टॉवेलपुढं पाण्याची टाकी. त्यांच्याकडची रीत अशी की दिलेली वस्तू घरी न्यायची, वापरायची आणि वापरतानाचा फोटो देणाऱ्याला पाठवायचा. मी म्हटलं, राहू द्या, मी सांभाळते. त्यांनी मान हलवली आणि बॅगेची चेन ओढून घेतली. नारळांबाबत मात्र मी ऐकलं नाही. त्यांची बर्फी करून सगळ्यांना खायला घातली. पोटातलं वजन विमानवाले धरत नाहीत.

म्हणजे दोन बॅगांत एकोणीस किलो जास्त होते आणि मी साड्यांना हात लावायचं ठरवून उठलेच होते, तेवढ्यात दारात थोरल्या जाऊबाई आल्या.

जाऊबाई तीन वर्षांत आमच्या दारात आल्या नव्हत्या. त्यांचं घर बांधापलीकडं, हाक ऐकू येईल इतकं जवळ. भांडण कशावरून झालं ते मला नीट सांगता येईल, पण इथं नको. परिणाम तेवढा सांगते. विहीर सामाईक आहे. आमच्या खालच्या दोन एकरांचा पाइप त्यांच्या उसाखालून जातो. तो पाइप भांडणानंतर महिन्याभरात फुटला आणि जाऊबाईंनी निरोप धाडला, "माझ्या उसात पाय ठेवायचा न्हाई." तेव्हापासून खालचे दोन एकर पडीक आहेत. थोरले दीर गरीब माणूस, त्या घरात निकाल बाईंचा. यंदा त्यांचा ऊस नुकताच तुटला होता. तुटल्या बुडख्यांतून खोडवा वर यायच्या आत खोदलं तर खोदलं, नाहीतर पुन्हा वर्ष गेलं. तोंड उघडायचं कसं, याचाच विचार मी पंधरा दिवस करत होते.

त्यांचं गुऱ्हाळ आहे. विहीणबाई सकाळी फिरायला जायच्या. भांडणाचं त्यांना काही माहीत नव्हतं, आणि मीही सांगायला गेले नव्हते. दुसऱ्याच आठवड्यात त्या वासाच्या मागं गुऱ्हाळावर पोचल्या. दुपारी घरी आल्या तेव्हा कोपरापर्यंत चिकट होत्या. तिथं रस प्यायल्या, काकवी चाटली आणि वर काहिलीजवळ उभं राहून उकळत्या रसावरची मळी काढू लागल्या. तीन वर्षांत आमच्या घरातलं कुणी त्या गुऱ्हाळाची पायरी चढलं नव्हतं. मग त्या रोजच जायला लागल्या. चौथ्या दिवशी जाऊबाईंचा अभिप्राय दुधवाल्याकडून माझ्यापर्यंत आला, "इहीण चांगली मिळाली तिला. इहिणीनं काय पाप केलं असंल, द्येव जाणं."

तर त्या जाऊबाई दारात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फडक्यात बांधलेली गुळाची ढेप. दहा किलोची.

मी म्हटलं, "या आक्का."

"मी तुझ्याकडं न्हाई आले," त्या म्हणाल्या. "इहिणीकडं आले."

ढेप त्यांनी ओट्यावर ठेवली. विहीणबाई धावत आल्या आणि दोघी ढेपेवर हात ठेवून बराच वेळ बोलल्या. एक मराठीत, एक नॉर्वेच्या भाषेत. दोघींचं एकमत झालेलं दिसत होतं.

मी जरा वेळानं म्हणाले, "आक्का, फार छान. पण बॅगेत जागा नाही. निम्मी फोडून देऊ का?"

जाऊबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्या बघण्यात तिन्ही वर्षं होती.

"ढेप फोडायची न्हाई. ह्या ढेपंची मळी तिच्या हातानं काढलीय. अखंड जायाची. सुनंला दिवस गेलं की मग तिकडं फोडा." पदर खोचत त्या पायरी उतरल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पोचली की फोटू दावायचा मला. मग बघू त्या पाइपाचं."

पाइपाचं नाव त्यांनी स्वतःहून काढलं.

काटा बोलावत होता. एकोणीस अधिक दहा, एकोणतीस किलो जास्त. ह्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "ढेप इथंच ठेवू. फोटोच पायजे ना? मागं पांढरी चादर लावली की झाला बर्फ."

एरवी मी ह्यांच्या कल्पना बोलून व्हायच्या आतच मोडते. त्या दिवशी मोडली नाही. दोन एकर डोळ्यांपुढं होते. मधल्या खोलीत भिंतीला चादर लावली, स्टुलावर ढेप ठेवली. ह्यांनी जुनी उशी उसवून कापूस आणला आणि ढेपेच्या भोवती पसरला. मला म्हणाले, "थोडा वरनं पण टाक, पडतोय असं दिसंल." मी एका हातानं कापूस टाकतेय, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि दारात विहीणबाई.

त्यांनी चादर पाहिली, कापूस पाहिला, ढेप पाहिली. मग ह्यांच्याकडं पाहिलं. हे लगेच म्हणाले, "म्हशीला पाणी दावायचं राहिलं," आणि गेले.

मी मोबाईल ठेवला आणि माझ्या इंग्रजीत सांगितलं. सिस्टर. शुगर. फोटो. पाइप. वॉटर. टू एकर. मराठीत मला हे कधी इतक्या थोडक्यात जमलं नव्हतं. मधे मधे हातांनी उकरून दाखवलं, खिडकीतून तुटलेला ऊस दाखवला, त्यापलीकडचं आमचं माळासारखं झालेलं रान दाखवलं. विहीणबाईंनी दोनदा मान हलवली. भिंतीवरची चादर काढली, झटकली, चौकोनी घडी करून माझ्या हातात दिली. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग त्या शेडमध्ये गेल्या आणि दोन्ही बॅगा जमिनीवर उलट्या केल्या. साड्या, टॉवेल, टोप्या एका बाजूला. दुसऱ्या बाजूला स्वतःचं सामान. डोंगर चढायचे बूट, पावसाळी जाकीट, स्वेटर, व्याह्यांच्या तीन जाड पँटी, केस वाळवायचं मशीन, आणि एक एवढं जाड पुस्तक की त्यावर मी तीन आठवडे भांडी उपडी घालत होते. हा दुसरा ढीग त्यांनी माझ्याकडं सरकवला. मी "नो, नो" म्हणत राहिले. त्यांनी लाल स्वेटर उचलला, बांधापलीकडं बोट केलं, म्हणजे तो जाऊबाईंना. बूट माझ्या पायाजवळ ठेवले आणि मघाशी मी दाखवलं तसं हातानं उकरून दाखवलं.

ढेप अकरा टॉवेलांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध बसवली, भोवतीनं साड्या. व्याह्यांनी अंगात दोन शर्ट आणि कोट घालून घेतला. काटा तेवीस शंभरवर आला तेव्हा त्यांनी वही मिटून बॅगेतून सतरांतल्या दोन टोप्या काढल्या आणि एकावर एक डोक्यात घातल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी विहीणबाईंची ओटी भरली आणि ओटीतला नारळ गाडीच्या खिडकीतून परत घेतला. सोडायला हे गेले नाहीत. गावातलाच ड्रायव्हर होता, त्याला मुंबईचा विमानतळ पाठ आहे.

संध्याकाळी सात वाजता मी भाकरी थापत होते. फोन आला. विहीणबाईंचा नंबर, पण आवाज पुरुषाचा आणि मराठी.

"मावशी, मी एअरपोर्टवरून बोलतोय. ह्या मॅडमच्या बॅगेत मोठा गोळा दिसतोय. त्या सारख्या तुम्हाला फोन लावायला सांगतायत. काय आहे हे?"

"गूळ."

"एवढा?"

"जावेनं दिलाय."

"फोडून बघावा लागेल."

"साहेब, फोडू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की म्हैस उठून उभी राहिली. "वास घ्या, चाटून बघा, सुई घाला, पण फोडू नका. फोडलीत तर माझं दोन एकर रान पडीक राहील."

"गुळानं?"

मग मी त्याला पाइपाचं सगळं सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली. पलीकडं व्याह्यांचं खोकणं ऐकू येत होतं. शेवटी तो म्हणाला, "आमच्याकडं गावाला बांधावरनं चालूय. आठ वर्षं." मग टॉवेल सोडल्याचा आणि पुन्हा गुंडाळल्याचा आवाज आला. "जातीय बरं का मावशी. अखंड जातीय."

वीस तारखेला संध्याकाळी फोटो आला. लाकडी टेबलावर ढेप, मागं मोठी खिडकी, खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ. एका बाजूला विहीणबाई आणि सून, दुसऱ्या बाजूला टोपी घातलेले व्याही. मुलगा फोटोत नव्हता. ढेप त्यानंच आत आणली होती आणि त्याची कंबर धरली होती, असं त्यानं खाली लिहिलं होतं.

लाल स्वेटर घेतला, मोबाईल घेतला आणि बांध ओलांडला. जाऊबाई गुऱ्हाळावर होत्या. मोबाईल त्यांनी लांब धरला, मग जवळ घेतला, दोन बोटांनी ढेप मोठी केली. कडेनं कडेनं बोट पूर्ण फिरवलं. "फुटली न्हाई," म्हणाल्या. मग बोट खिडकीवर गेलं.

"हे मागं काय हाय?"

"बर्फ."

"खरा का? चादर न्हाई ना लावली?"

ही बाई किती हुशार आहे, ते तीन वर्षांत मी विसरले होते. मी म्हटलं, "आक्का, देवाशप्पथ बर्फ." आणि हे खरं बोलायला मिळालं याचं इतकं बरं वाटलं की मी जरा जास्तच जोरात बोलले.

त्यांनी स्वेटर अंगाला लावून पाहिला. गुऱ्हाळाच्या धगीला स्वेटर घालणं शक्य नव्हतं, तरी घातला. मग म्हणाल्या, "माझं खोडवं तुडवायचं न्हाई. सरीतनं खोदा. आन् नऊला मोटारीची लाइट येती, त्याच्या आत उरका."

एकवीसला सकाळी सहा वाजता मी विहीणबाईंचे बूट घातले. एक नंबर मोठे होते, पुढं कापूस कोंबला, उशीतला होताच. हे आणि मी सरीतून खोदत गेलो, तिसऱ्या खड्ड्यात फूट सापडली. आरीपानानं तुकडा कापला, नवा जोड लावला. सोल्यूशन वाळेपर्यंत बांधावर बसलो, तर पलीकडून लाल स्वेटर चहा घेऊन आला. चहात गूळ फार होता. मी सगळा प्यायले.