घरची गोळी

तर त्या पोत्यापाशी थांबलो होतो आपण काल. ड्रायव्हर ट्रकातून उतरलेला, कागद पुढे केलेला, "यल्ला, साइन करो, दूसरा ट्रिप है," म्हणून घाई लावतोय, आणि गुणवंत माईणकर पोत्यापुढे उकिडवा बसून वाचतोय. पोत्यावरचं नाव नाही हं. नाव काय, कोणीही वाचतं. शिवणीच्या कडेला, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, आत काय माल आहे ते छापलेलं असतं. गुणवंत ते वाचत होता.

रास अल खैमातल्या एका टाइलच्या कारखान्यात हा माणूस मालाच्या दारावर होता. हुद्द्याचं नाव भारदस्त, स्टोअर्स इन्चार्ज. काम एवढंच, की आत येणारं प्रत्येक पोतं वाचून घ्यायचं. टाइलला पांढरेपणा आणणारी एक भुकटी असते. ती एका देशातून एका नावानं यायची, दुसऱ्या देशातून दुसऱ्या नावानं. गुणवंतच्या आधीच्या माणसानं दोन्ही आत घेतली, कामगारांनी दोन्ही कालवली, आणि भट्टीतून टाइला निघाल्या त्यांच्यावरचा थर दुधावरच्या सायीसारखा आकसलेला. नाव सोनूबाई नि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आपल्याला ठाऊक. इथं सोनूबाई आणि मैनाबाई दोन नावं, हातातला वाळा मात्र एकच. तेव्हापासून गुणवंतनं एक वही केली. डावीकडे पोत्यावरचं नाव, उजवीकडे आतला माल. त्या दिवशीही ड्रायव्हरनं अर्धा तास त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली आणि पोती आली तशी परत गेली. वहीप्रमाणे तोच माल दुसऱ्या नावानं आत आधीच पडून होता.

असा हा माणूस घरी मात्र बायको तळहातावर ठेवील ते तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणारा. औषधपाण्याचं खातं विभावरीचं. तिचं माहेर मिरज, म्हणजे डॉक्टरांचं गाव. तिथं लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारचा माणूस जीभ दाखवा म्हणतो. तिला रक्तदाब आहे हे निघालं तेही तिथंच. मग दर मे महिन्यात ती माहेरी जाई, नेहमीच्या डॉक्टरांना दाखवी आणि वर्षभराच्या गोळ्या साड्यांच्या घड्यांत घालून आणी. साड्यांच्या घड्यांत अशासाठी, की कुठल्या गोळीला इथं बंदी आहे याची एक यादी असते म्हणतात. ती यादी त्यांच्या ओळखीच्या एकाही मराठी बाईनं पाहिलेली नव्हती, आणि तिला भ्यायल्यावाचून एकही बाई विमानातून उतरत नव्हती. त्यामुळं या गोळ्यांविषयी बाहेर चकार शब्द काढायचा नाही, असा शिरस्ता. घरात तिला 'घरची गोळी' म्हणत. घरचं तूप, घरचा मसाला, तशी घरची गोळी.

दोन हजार आठची दिवाळी झाली आणि दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या. इमारती नाहीत तर टाइला कुणाला हव्यात? कारखान्याच्या तीन भट्ट्यांपैकी दोन थंड झाल्या. गुणवंतची नोकरी राहिली, पण दवाखान्याचं कार्ड बदललं. जुन्या कार्डावर चालणारा दवाखाना नव्या कार्डावर चालेना. नव्या दवाखान्यानं सांगितलं, एकदा तपासणी करून घ्या, रक्त द्यायचंय, रिकाम्या पोटी या.

विभावरी शब्दाला पक्की. रिकाम्या पोटी म्हणजे रिकाम्या पोटी. चहा नाही, पाणी नाही आणि घरची गोळीही नाही. वर तीन जिने चढून गेली. डॉक्टर मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, आडव्या बांध्याचा, मोठा मायाळू माणूस. त्यानं दंडाला पट्टा बांधला आणि भुवया चढवल्या. एकशे सत्तर.

"मदाम, एनी मेडिसिन? यू टेक समथिंग?"

"नो डॉक्टर. नथिंग," विभावरी म्हणाली.

सोबत चौदा वर्षांची मुलगी ईशानी होती. तिनं आईकडे पाहिलं. आईनं डोळे वटारले. विषय संपला.

डॉक्टरनं रक्तदाबाची गोळी लिहून दिली. त्याच्या जागी कुणीही दिली असती. आता विभावरी सकाळी घरची गोळी घेई आणि रात्री डॉक्टरांची. महिन्याभरात पावलं सुजली, चपलेचा पट्टा लागेना. डॉक्टरनं सूज उतरायची गोळी दिली. मग चक्कर येऊ लागली. चक्करेची गोळी आली. चक्कर राहिलीच. एकदा स्वयंपाकघरात ओट्याला धरून खाली बसली, एकदा लिफ्टच्या दारात. डॉक्टर म्हणाला, आता डोक्याचा स्कॅन काढलेला बरा. नवं कार्ड स्कॅनला चालत नव्हतं. अठराशे दिरहम, म्हणजे तेवीस हजारांच्या वर रुपये, असं गुणवंत मोठ्यानं म्हणाला.

मिरजेहून विभावरीच्या धाकट्या भावाचा, उपेंद्राचा, फोन आला. हा मोठा उत्साही माणूस. कुणाच्या घरी शिंक आली तरी रुमाल घेऊन धावणारा.

"दाजी, ताईला इकडं पाठवा. मेंदूचा डॉक्टर माझ्या गल्लीत राहतो, सकाळी दूध आणायला एकत्र जातो आम्ही. ईशानीलाही पाठवा, शाळेचं मी बघतो. दोघींची तिकिटं काढून टाकतो."

आणि त्यानं खरंच काढली, पंधरा-सोळा दिवसांवरची.

आता यात मेख अशी, की त्या साली 'थोडे दिवस' म्हणून गेलेली कुटुंबं परत येत नव्हती. सहा महिने बाहेर राहिलं की व्हिसा खलास. मागं राहिलेला माणूस फ्लॅट सोडी आणि कारखान्याच्या खोलीत तिघा-चौघांत पथारी टाकी. गुणवंतच्या मजल्यावरचीच दोन दारं अशी बंद झाली होती.

"मला जायचं नाही हो," विभावरी म्हणाली. "गेले की आपलं इथलं घर संपलं. चक्करेपायी संसार मोडायचा?"

"जीव राहिला तर संसार," गुणवंत म्हणाला.

शुक्रवारी सकाळी बॅगा भरायला काढल्या. विभावरी म्हणाली, "अहो, माझ्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला. मिरजेच्या डॉक्टरांना दाखवायला लागतील."

गुणवंतनं खण उघडला, पट्ट्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि एकेक उचलून पिशवीत टाकायला लागला. तिसऱ्या पट्टीशी हात थांबला. त्यानं ती पाठमोरी केली, खिडकीकडे धरली, चष्मा कपाळावर सारला. मग पिशवी रिकामी करून पहिल्यापासून सुरू केलं.

"बाबा, व्हाय आर यू रीडिंग दॅट लाइक अ स्टोरी?" ईशानीनं विचारलं.

"कागद आण," गुणवंत म्हणाला.

कागदाच्या मधोमध रेघ. डावीकडे पट्टीवरचं ठळक नाव, उजवीकडे त्याच्याखालचं बारीक.

"विभा, ही कशाची?"

"बीपीची. घरची."

"आणि ही?"

"तीपण बीपीची. इथल्या डॉक्टरांची."

"दोन्ही घेतेस?"

"मग? घरची सकाळी, त्यांची रात्री. मिसळत नाही मी."

"अगं, या जुळ्या बहिणी आहेत! हे बघ, ॲम्लोडिपिन. आणि हे बघ, ॲम्लोडिपिन. वरची कुंची तेवढी निराळी."

विभावरीनं दोन्ही पट्ट्या हातात घेतल्या. "असेल. पण डॉक्टरांनी बघूनच दिली असणार ना?"

"नो, ही डिडन्ट," ईशानी म्हणाली. "मम्मी, यू टोल्ड हिम नथिंग. आय वॉज देअर."

गुणवंतनं खणातून काचेची एक बरणी काढली. "आणि हे काय?"

"ते औषध नाही, चूर्ण आहे. उपेंद्रानं पाठवलंय."

"आत काय आहे?"

"चूर्ण आहे म्हटलं ना."

उजव्या रकान्यात गुणवंतनं प्रश्नचिन्ह काढलं.

उपेंद्राला फोन लावला तर तो म्हणाला, "एक बंद करा नि गप्प बसा, दाजी. डॉक्टरला सांगायला जाऊ नका. परका मुलूख तो. यादीबिदीत असली तर विचारतील, आणली कुठनं?"

मोह झाला गुणवंतला. पट्टी केराच्या डब्यात टाकली की झालं. पण बंद कुठली करायची? सुजेची ठेवायची का? चक्करेची? पोतं परत पाठवता येतं, पोटात गेलेलं कसं पाठवणार? दुपारची नमाज होऊन खालचं औषधांचं दुकान उघडलं तसा तो बायकोला घेऊन उतरला.

दुकानात रफिक. कण्णूरचा माणूस, हिंदी आपल्यापुरती. त्यानं कागद वाचला, पट्ट्या पाहिल्या, बरणीही पाहिली. "भाईसाब, दोनो का सॉल्ट सेम है."

विभावरी उसळलीच. "बघा! दोन वर्षं अळणी आमटी गिळतेय मी, आणि गोळीतच मीठ!"

रफिकला हसू आवरेना. "मदाम, वो वाला सॉल्ट नहीं. सॉल्ट मतलब अंदर की दवा."

"इस पे बंदी है क्या?" गुणवंतनं आवाज खाली आणून विचारलं.

"इस पे? मैं रोज बेचता हूँ, भाईसाब. बंदी वाली गोलियाँ अलग हैं, लाने से पहले पूछना चाहिए. ये तो खाली नाम दूसरा." मग तो हसायचा थांबला. "लेकिन अपने मन से कुछ बंद मत करना. अभी डॉक्टर को फोन करो. और जाओ तो सब लेके जाओ, वो बोतल भी."

डॉक्टरनं फोनवर रात्रीची गोळी थांबवायला सांगितलं आणि सकाळी बोलावलं. शनिवारी गुणवंतनं त्याच्या टेबलावर पिशवी उपडी केली. त्यानं कागद दोनदा वाचला, विभावरीचा रक्तदाब बसवून घेतला, उभं करून घेतला. उभं राहिल्यावर आकडा फारच खाली उतरला.

"मदाम, आय आस्क्ड यू."

"यू आस्क्ड मेडिसिन, डॉक्टर. धिस इज फ्रॉम होम."

"होम?" डॉक्टरनं पट्टी उलटसुलट केली. "यू हॅव अ फॅक्टरी ॲट होम?"

विभावरी लाजली. डॉक्टर मग म्हणाला, त्यानंही एकदा विचारून भागवायला नको होतं, डबे आणायला सांगायचे होते. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललं होतं सगळं. दुहेरी गोळीची सूज, सुजेच्या गोळीची चक्कर, चक्करेला आणखी गोळी. त्यानं एकच पट्टी ठेवली, बाकीच्या बाजूला केल्या, चूर्णात काय आहे ते कळेपर्यंत बरणी बंद ठेवायला सांगितली. स्कॅनचं दोन आठवड्यांनी बघू, म्हणाला. गुणवंतनं तिथंच विचारून घेतलं, ही किती दिवस, तपासायचं कधी, आणि काय झालं तर धावत यायचं. उत्तरं त्याच कागदाच्या मागं लिहिली.

पुढं पुढं तर त्याच्या इमारतीतली माणसं पिशव्या घेऊन गुणवंतकडे यायला लागली. कुणाच्या पिशवीत एकच ॲसिडिटीची गोळी तीन नावांनी, कुणाच्या पिशवीत चार वर्षांपूर्वी मुदत संपलेला खोकल्याचा पाक. तो रकाने भरून द्यायचा आणि कागद ज्याच्या त्याच्या डॉक्टरकडे धाडायचा. कोणती घेऊ, कोणती नको, असं कुणी विचारलं की चहा पुढे करायचा. निवृत्त होऊन गेला तोवर हे चाललं. पण तो पुढचा भाग. त्या पंधरवड्यात मात्र त्याचं लक्ष कशातच नव्हतं.

पहिले चार दिवस काहीच फरक नाही. बॅगा दाराशी तशाच उभ्या. पाचव्या दिवशी विभावरी ओट्याला न धरता पोळ्या लाटत होती. आठवडा झाला तेव्हा पावलांची हाडं दिसू लागली. दोन आठवड्यांनी डॉक्टरनं बसवून घेतला, उभं करून घेतला, आणि दोन्ही आकडे जागेवर होते. चक्कर दहा दिवसांत आलेली नव्हती. स्कॅन नको, म्हणाला. तीन महिन्यांनी या.

घरी येऊन विभावरीनं आधी बॅग उघडली आणि साड्या कपाटात लावायला घेतल्या. तेवढ्यात फोन वाजला. उपेंद्र होता. त्याला सगळं सांगून झालं, तरी त्याचा जीव काही थाऱ्यावर येईना.

"ते ठीक आहे हो दाजी, पण मी त्या मेंदूच्या डॉक्टरची सोमवारची वेळ घेतलीय. रोजची गाठ पडते, आता नाही कसं म्हणू? आणि तिकिटांचं काय करू?"

गुणवंतनं कपाटापाशी उभ्या बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "तिकिटं रद्द कर, उपेंद्रा, तुझी ताई कुठंही जात नाही, आणि वेळ घेतलीच आहेस तर सोमवारी तू जाऊन ये, जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून ने."