एकाच डब्यातल्या अळ्या

कपाशीच्या जिल्ह्यात कीड सर्वेक्षण करणारीचे हात कपाशीलाच सरावलेले असतात. हिरवी बोंडं तोडायची, एका पिशवीत भरायची, सावलीत बसून फोडून पाहायची. प्रत्येक बोंडात आपापली अळी, कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. त्याच सवयीनं मी दिग्रसजवळच्या एका तांड्यावर मक्याच्या पोंग्यांतून, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांतून, अळ्या वेचल्या आणि सगळ्या एकाच डब्यात टाकल्या.

वावर एका बाईचं होतं. दुकानदारानं तिला खोडकिडीचं औषध दिलं होतं, तेही दोनदा. "काही फरकच नाही पडून राह्यला, बाई," ती म्हणाली. "उद्या सारा मका उपटून टाकतो. पन मंग म्हशीले काय घालू? इकाच लागन तिले." मी भिंग काढलं. अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय उलटा काढल्यासारखी खूण, शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके. हा खोडकिडा नव्हताच. ही परदेशातून आलेली लष्करी अळी होती.

यवतमाळला कृषी कार्यालयात आमच्या साहेबांच्या टेबलावर डबा उघडला, तर आत एकच अळी, चांगली गलेलठ्ठ. बाकीच्यांची नुसती लक्तरं उरलेली. साहेब हसले. "एका अळीवर एवढी बोंब? खोडकिडा लिहा अन् मोकळ्या व्हा."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "खोडकिडे असे एकमेकांना खात सुटत नाहीत, साहेब. हिनं बाकीच्या फस्त केल्या, यावरूनच ओळखा ना."

त्यांनी भिंगाला हातही लावला नाही. "तज्ज्ञ येऊन पाहतील. तोवर गावात कोणाला काही सांगायचं नाही."

तोवर म्हणजे कधी? ही अळी मोठी झाली की पोंग्यात खोल शिरते आणि वर स्वतःच्याच विष्ठेचं बूच मारून बसते. मग फवारा पोचतच नाही. माझी नोकरी कंत्राटी, हंगामापुरती. साहेबांनी मनात आणलं की मी घरी. बसवा घरी! खोटी कीड लिहायला मी उन्हातान्हात वावरं तुडवत नव्हते. मिळेल ती एसटी पकडून तांडा गाठला आणि बाईला सांगितलं, "मका उपटू नका. औषध बदला. अन् वरवर नाही, थेट पोंग्यात फवारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तोंडाला फडकं बांधून, पाठीवर पंप घेऊन मक्यात शिरली. मी वावराच्या कडेला धुऱ्यावर उभी होते. तेवढ्यात साहेबांचा फोन. औषध बदलल्याचं दुकानदाराकडून त्यांना कळलं होतं. कोणाच्या हुकमानं सांगितलं म्हणून ओरडत होते.

"सांगितलं, साहेब," मी म्हणाले. "आता शेजारच्या वावरातही सांगणार आहे."

"कोन हाये, बाई?" तिनं मक्यातून विचारलं.

"साहेब आहेत. विचारतात, फवारणी कोणाच्या हुकमानं चालू आहे."

पंपाचा दांडा हलतच राहिला.

"माह्या म्हशीच्या म्हना."