दाबून भरलेली पायली

आयुष्यात मला फसवू शकलेला माणूस एकच, आणि तो मी.

सरकी काढणाऱ्या जिन कारखान्याच्या गोऱ्या साहेबाशी कापसाच्या भावावरून भांडून भांडून मी घर उभं केलं. (मला पाहिलं की साहेब चहा मागवायचा, स्वतःसाठी.) त्यामुळे सारंगखेड्याची मंडळी माझ्या थोरल्या पोरीची सोयरीक पक्की करायला येणार म्हटल्यावर माझा बेत ठरलेला होता. वऱ्हाड शंभर माणसांचं, लग्न एका दिवसाचं आणि बाजाचा खर्च त्यांचा. बोलणी जेवणानंतर. मी जिभेला धार लावून बसलो होतो.

सकाळी बायकोने पुरणाच्या मांड्यांबरोबरच्या रशीसाठी, म्हणजे तिखट आमटीसाठी, पायलीभर सुक्या मिरच्या मागवल्या. तेव्हा आमच्याकडे मिरचीही धान्यासारखी मापानेच मिळायची. दुकानात पाहतो तर मिरच्यांची भरलेली पायली म्हणजे निम्मी हवा. हवा विकत घेणारा माणूस मी नव्हे. शेजारीच कुटलेल्या मिरचीचं पोतं होतं.

"हाई भर. आन दाबी दाबी भर."

दुकानदाराने एकदा माझ्याकडे पाहिलं, मुठीने दाबून पायली भरली, वर शीग लावली. तोंडातून शब्द नाही. त्या माणसाला मी आजही माफ केलेलं नाही.

घरी बायकोने पिशवी उचलून पाहिली आणि खाली ठेवली.

"मी आख्खी मिरची सांगी व्हती. हाई भुकटी शे."

"पायली ती पायली. कुटानी मेहनत वाचनी तुन्ही."

"आवो, गाडीभर सुट्टा कापूस आन गाडीभर दाबेल गाठी, वजन सारखं ऱ्हास का?"

"कापूस माले शिकाडू नको."

(कापसाचं उदाहरण देणं हा निव्वळ आगाऊपणा होता. बरोबर असल्यामुळे तर अधिकच.)

मी तणतणत उठलो आणि सगळी भुकटी चुलीवरच्या रशीच्या हंड्यात ओतली. रशीला असा रंग चढला की मांजर घर सोडून गेलं. भिंतीपलीकडचे शेजारी शिंकू लागले.

"आते तुम्हीच चाखा," बायको शांतपणे म्हणाली. "मंग पावनासले वाढू."

चाखणं हे भित्र्यांचं काम. मी वाटीभर रशी एका दमात प्यायलो.

पाहुणे आले तेव्हा मी तोंडात गुळाचा खडा धरून ओट्यावर बसलो होतो. डोळ्यांतून धारा लागलेल्या. बायकोने शेजारणीकडून मिरच्या आणून मागच्या चुलीवर आपल्या मापाची रशी कधीच शिजवून ठेवली होती. पाहुण्यांनी ती मिटक्या मारत ओरपली. मग बोलणी सुरू झाली.

"वऱ्हाड तीनशे मानसं लई येसूत. चाली ना?" व्याह्यांनी विचारलं.

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. जिभेला वारा लागला. तोंड आपोआप मिटलं आणि मान खाली गेली.

"हा म्हनी ऱ्हायनात," त्यांचा भाऊ म्हणाला.

"लगीन तीन दिननं?"

मान पुन्हा खाली.

"बाजा तुम्हना ना?"

दया करा म्हणून मी हात जोडले. तोही होकारच ठरला.

"दखा, पोर जाई म्हनीसन बाप कसा रडी ऱ्हायना," व्याही गहिवरले. "इतला गरीब सोयरा माले कोठे भेटना नही."

लेकीच्या सासरी मी अजूनही अबोल आणि प्रेमळ म्हणून प्रसिद्ध आहे. आता धाकटीला पाहायला पाहुणे यायचे आहेत. काल बायकोने चुलीपाशी बसून सहज विचारलं,

"सोयरीक जमाडनी शे. तुम्ही बोलशात, का तुम्हनी रशी करू?"