इसवी सन १२७१ आणि एक रिकामा रकाना

मुलगी सातवीत होती तेव्हाची गोष्ट. सोशल स्टडीजच्या बाईंनी वर्गात चिठ्ठ्या काढायला लावल्या. प्रत्येक चिठ्ठीवर मध्ययुगातलं एक वर्ष, आणि त्या एकाच वर्षी जगाच्या पाच भागांत काय घडलं ते बोर्डवर मांडायचं. आमच्या वाट्याला १२७१ आलं.

"आई, नथिंग हॅपन्ड दॅट इयर," बॅग सोफ्यावर टाकत मुलगी म्हणाली.

तसं काही नव्हतं. व्हेनिसच्या व्यापाऱ्याचा मुलगा वडील आणि काकांबरोबर पूर्वेकडे निघाला, मंगोल बादशहानं चीनमधल्या आपल्या राजघराण्याला नवं नाव दिलं, इंग्लंडचा राजपुत्र धर्मयुद्धासाठी पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर उतरला. हे सगळं पंधरा मिनिटांत सापडलं. भारताच्या रकान्यात मात्र तिनं पेन्सिलीनं लिहिलं, 'नथिंग फाउंड.' ते वाचून माझं डोकं फिरलं. एवढ्या मोठ्या देशात वर्षभर काहीच झालं नाही?

माझे बाबा त्या हिवाळ्यात आमच्याकडे अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आले होते. अकोल्याच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं इतिहास शिकवला. इथे बर्फामुळे दाराबाहेर पडता येत नव्हतं, टीव्हीचाही कंटाळा आला होता. वर्षाचा आकडा कानावर पडताच ते खुर्चीत सरळ बसले.

"बाराशे एकाहत्तर म्हणजे शके अकराशे त्र्याण्णव. देवगिरीला नवा यादव राजा आला बघ."

मग ते सुरू झाले. बापामागून गादी चुलत्याकडे गेली, चुलत्यामागून चुलतभावानं बळकावली. खरा वारस नटांच्या टोळीत मिसळून, सोंग घेऊन किल्ल्यात शिरला. खेळ ऐन रंगात आला आणि नटांनी गादीवरच्या भावालाच धरलं.

बाबांचं मराठी मुलीला अर्धंच कळायचं आणि तिचं भरभर इंग्रजी बाबांना कळायचं नाही. मी मधे बसून दोन्हीकडे सांगत होते.

"सो ही वॉज लाइक, अंडरकव्हर?"

"काय म्हणते ती?"

"वेषांतर केलं होतं का, असं विचारतेय."

"हो, हो!" बाबा खूश झाले. त्या दिवशी मीही खूश होते.

दोन दिवसांनी बाईंची ईमेल आली. प्रत्येक माहितीला विद्यार्थिनीला स्वतः वाचता येईल असा लिखित आधार हवा. आजोबांनी सांगितलेली गोष्ट आधार म्हणून चालणार नाही. बाबांची पुस्तकं अकोल्याला कपाटात, तीही मराठीत. मी शिकागोच्या ट्रेनमध्ये जाता-येता फोनवर शोधलं, शनिवारी लायब्ररी पालथी घातली. शेवटी एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात एक ओळ सापडली: साधारण १२७१च्या सुमारास नवा राजा गादीवर आला. बस, नटांचा पत्ता नाही. मी बाईंना लांबलचक उत्तर लिहिलं, फोन केला. त्या अतिशय गोड बोलल्या आणि तसूभरही हलल्या नाहीत.

मुलीनं तर खांदे उडवले आणि बोर्डसाठी काढलेलं नटांचं चित्र कात्रीनं कापून टाकलं. मी तिच्यावर ओरडले. "तुला काहीच कसं वाटत नाही?"

"आई, इट्स माय प्रोजेक्ट," ती म्हणाली आणि जिना चढून खोलीत गेली.

प्रदर्शन शुक्रवारी दुपारी शाळेच्या जिममध्ये होतं. मी मीटिंग कॅन्सल केली. बाबा कोट-टाय घालून आले. कुणाच्या तरी आईनं बोर्डपाशी थांबून देवगिरी कुठे आहे म्हणून विचारलं, आणि मुलीनं तोंड उघडायच्या आत बाबांनी वर्गात शिकवल्यासारखी सुरुवात केली. एकेक इंग्रजी शब्द जुळवत, मधे थांबत. मागे रांग लागली. मुलीचा चेहरा लाल झाला.

"बाबा, पुरे आता," मी म्हणाले.

नट किल्ल्याच्या दारात पोचले होते. बाबा तिथेच थांबले, कोटाचं बटण लावलं आणि भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसले. ती बाई थँक यू म्हणून पुढच्या बोर्डकडे गेली. इतके दिवस ज्या गोष्टीसाठी मी सगळ्यांशी भांडत होते, ती शेवटी मीच तोडली.

पुढच्या आठवड्यात निकाल आला. भारताच्या रकान्याचे निम्मे मार्क कापले होते. शेजारी शेरा: आणखी पुरावा हवा. मी कागद टेबलावर आपटला. "बघा बाबा, हे असं आहे यांचं!"

बाबांनी चष्मा लावून शेरा दोनदा वाचला. "बरोबर आहे त्यांचं. पुरावा नसेल तर मीही मार्क कापायचो."

"अहो, पण मी तुमच्यासाठी एवढी भांडले!"

"माझ्यासाठी?" त्यांनी कागदाची नीट घडी घातली. "मला कधी विचारलंस?"

मुलगी दूध घालून सीरियल खात होती. शब्द किती कळले कोण जाणे, पण हसू दाबत तिनं मान खाली घातली. मला दोघांचाही इतका राग आला की मी उठले आणि डिशवॉशरमध्ये भांडी मुद्दाम खडखडाट करत लावू लागले.