लावदिकीयाचं पाणी

गच्चीवर तापलेल्या प्लास्टिकच्या टाकीचा वास आला की ओमानमधल्या इब्रा गावातला व्हिला आठवतो. माझं नळकाम पसंत पडलं तर शेजारच्या व्हिलांचंही मिळणार होतं. काम तपासायला मुंबईहून नवाच आलेला इंजिनिअर गार पाण्याचा नळ सोडून किंचाळला, "मिस्त्री, हे उकळतंय!" "साहेब, टाकी उन्हात आहे. इथं उन्हाळ्यात घरातला गीझर बंद ठेवून त्यात निवलेलं पाणी वापरतात. लाल नळ सोडा." त्यानं बोट भिजवलं. "कोमट! बायबलात लावदिकीया नावाचं ग्रीक शहर आहे. देव तिथल्या लोकांना म्हणतो, ना गार ना गरम, कोमट आहात, थुंकून टाकीन. तुमचं काम तसलंच!" मी भडकलो. "देवानं ओमानचा जून पाहिला नसेल." त्या दीडशहाण्यानं त्याच पाण्यानं घामेजलेलं तोंड धुतलं, मानही भिजवली आणि शेजारच्या व्हिलांचं काम दुसऱ्याला दिलं. आता कुणी विद्वत्ता पाजळली की मी आधी विचारतो, इथं उन्हाळे किती काढलेत?