पहिल्या अंकातली करकर

आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली तेव्हा मुलीनं आम्हाला संगीत नाटकाची दोन तिकिटं दिली आणि नाटकानंतर एका हॉटेलात टेबलही राखून ठेवलं. "आई, तुम्ही दोघांनीच जायचं. याला डेट नाइट म्हणतात," असं तिनं बेंगळुरूच्या दुसऱ्या टोकाहून, व्हाइटफील्डहून फोन करून बजावलं. नाटक दुपारी चारचं, मग नाइट कुठली, असं मी विचारलं. ती म्हणाली, "जेवण रात्रीचं आहे ना? मग झालं. आणि अण्णांना मशीन घालून ने."

अण्णा म्हणजे तिचे वडील, आणि मशीन म्हणजे कानाचं. ह्यांचं पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लहानसं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक पॉवर प्रेस. त्या प्रेसच्या धडधडीत रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सात अशी ह्यांनी आयुष्यातली उमेदीची वर्षं काढली. चाळिशीतच ऐकू कमी यायला लागलं आणि पन्नाशीनंतर मी ओरडून बोलायला लागले. राजाजीनगरला आमच्या शेजारच्या अक्का एकदा हसत म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे आज भाजी कुठली ते मला रोज घरबसल्या कळतं."

मला संगीत नाटकाचं वेड. पण ह्यांना बरोबर नेणं मी केव्हाच सोडून दिलं होतं. शेवटचं नेलं तेव्हा हे शांतपणे छताचे पंखे मोजत बसले होते. त्यानंतर मी मैत्रिणींबरोबर जायची आणि हे घरी.

वर्कशॉप विकल्यावर मुलीनं हट्टानं मशीन बसवून घेतलं. नाटकाच्या वेळी त्याला तीन आठवडे झाले होते आणि ते तिन्ही आठवडे हे वैतागलेले होते. नळाची धार, कुकरची शिट्टी, वर्तमानपत्राचं पान उलटणं, सगळंच अंगावर यायचं. "आपल्या घरात इतका आवाज होता?" असं मला दिवसातून चारदा विचारायचे. त्यामुळे नाटकाला येतील की नाही, याची मला धाकधूकच होती. पण रविवारी जेवण झाल्यावर बघते, तर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात उभे. मी केसांत मोगरा माळला आणि आम्ही रिक्षानं मल्लेश्वरमला गेलो.

नाटक इथल्याच मराठी मंडळींनी बसवलेलं होतं. कुणी पुण्याहून नोकरीसाठी आलेले, कुणी आमच्यासारखे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. नदीपलीकडे दिलेल्या बहिणीची गोष्ट होती. ती नावाड्याबरोबर माहेरी निरोप धाडते, आणि तो प्रत्येक निरोप म्हणजे एक गाणं. आमच्या जागा दुसऱ्या रांगेत, अगदी वादकांच्या समोर. तबला, व्हायोलिन आणि पायानं भाता मारायचा जुना ऑर्गन.

पहिलं पद सुरू झालं आणि मी सगळं विसरले. बहिणीचं काम करणारी मुलगी सुरेख गात होती. दुसऱ्या पदाला मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर कपाळाला आठ्या.

"त्रास होतोय का? काढा हवं तर मशीन," मी कुजबुजले.

"करकर येतीये," हे म्हणाले.

"मशीनमधून?"

"नाही. त्या पेटीच्या पायडलमधून. उजव्या."

मी कान देऊन ऐकलं. मला काही करकर ऐकू आली नाही. मग एका संथ पदात, गाणारी थांबली त्या क्षणी, आली. बारीक, दर खेपेला एकाच जागी. एकदा ऐकल्यावर मलाही दुसरं काही ऐकू येईना. मला मनापासून राग आला. इतक्या वर्षांनी नाटकाला आणलं तर ह्यांनी त्यातही वर्कशॉप शोधलं!

मध्यंतर झालं. मी म्हटलं, "चला, कॉफी घेऊ." हे उठले ते सरळ ऑर्गनपाशी. वाजवणारे गृहस्थ ह्यांच्याच वयाचे, रुमालानं मान पुसत बसले होते.

"उजव्या पायडलची खीळ कोरडी पडलीय," हे त्यांना म्हणाले. "तेल आहे का स्वल्प?"

ते गृहस्थ आधी ह्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागले. मी ओशाळून म्हटलं, "ह्यांचं वर्कशॉप होतं."

"अहो, तालमींपासून येतोय तो आवाज," ते म्हणाले. "दोन माणसांना दाखवलं, सापडला नाही. आम्हाला आता सवय झाली." आणि ते उठून आत गेले. मेकअप उतरवायला ठेवलेली खोबरेल तेलाची बाटली घेऊन परत आले.

"खोबरेल खरं चालत नाही, चिकटतं नंतर," हे म्हणाले. "पण आजचा दिवस निघेल. उद्या पुसून शिलाई मशीनचं तेल घाला." मग माझ्याकडे हात केला. "पिन दे गं एक."

मी अंबाड्यातली पिन काढून दिली. ह्यांनी जमिनीवर रुमाल अंथरला, त्यावर गुडघे टेकले आणि मान तिरकी करून पायडलच्या खाली घातली. अडुसष्टाव्या वर्षी, भरल्या सभागृहात! लोक कॉफीचे कप घेऊन बघायला लागले. पिनेच्या टोकावरून तेलाचा एकेक थेंब आत सोडायचा आणि म्हणायचं, "मारा भाता. अजून मारा. आता हळू." पाच-सहा वेळा असं झालं. मग हे कान वाकडा करून ऐकत राहिले. भाता वरखाली होत राहिला आणि आवाज नव्हता.

"सरी, झालं ठीक," हे म्हणाले आणि गुडघे धरून उठले. त्या गृहस्थांनी दोन्ही हातांनी ह्यांचा हात धरला. शर्टाच्या बाहीला तेलाचा डाग पडला होता, पण मला त्याचं काही वाटलं नाही. राग केव्हाच उतरला होता.

दुसऱ्या अंकात हे डोळे मिटून बसले. मला वाटलं, झोपले. बहिणीचं शेवटचं पद चालू असताना हे हळूच म्हणाले, "ती ओळ उचलायच्या आधी श्वास घेते ना, तो ऐकू येतोय." पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून बघितलं. मी ह्यांच्या हातावर हात ठेवला आणि नाटक संपेपर्यंत तो तिथंच राहू दिला.

हॉटेलात आम्ही साडेसातला पोचलो. बेंगळुरूत लोक जेवायला नऊच्या पुढे येतात, त्यामुळे सगळी टेबलं रिकामी होती. आम्ही नीर डोसे, भाज्यांचा कुर्मा आणि मिरी घातलेले मशरूम मागवले. मग समोरासमोर बसलो, आणि काय बोलावं तेच कळेना.

मला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. इतकी वर्षं मी फक्त ओरडून सांगण्याजोगंच सांगत आले होते. गॅस संपला, डॉक्टरांचा फोन आला, जेवायला चला. उगीचच्या गोष्टी कोणी ओरडून सांगत नाही. त्या मी अक्कांना सांगायची, मुलीला सांगायची.

म्हणून मी मुद्दाम एक उगीचची गोष्ट सांगितली. आमच्या टेलरनं अक्कांचा ब्लाऊज मला आणि माझा अक्कांना दिला, आणि आम्ही दोघींनी तो दोन दिवस तसाच घालून टेलरला नावं ठेवली. हळू आवाजात, नेहमी इतर बायका बोलतात तशी सांगितली. हे इतके हसले की डोसा हातातच राहिला.

मग पाणी पिऊन हे म्हणाले, "तुझ्या मावसभावाच्या लग्नात मी पंगतीत काहीतरी बोललो, आठवतं? सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. मला वाटत होतं, मी हळूच बोलतोय. त्यानंतर चारचौघांत मी बोलायचंच सोडलं."

मला ते लग्न आठवत होतं. पंगत आठवत नव्हती. "मला वाटायचं, तुम्ही माझ्या माहेरच्यांवर रागावलाय," मी म्हटलं.

"छे गं. ते श्रीखंड फार चांगलं होतं, एवढंच म्हणालो होतो."

आता हसायची पाळी माझी होती. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा वेटर घाईनं पाण्याचा जग घेऊन आला. त्याला वाटलं, मिरी लागली.

आम्ही फणसाचं आइस्क्रीम मागवलं, संपवलं आणि आणखी एक मागवलं. हळूहळू टेबलं भरली. मुलं, काटे-चमचे, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या टाळ्या. ह्यांचा हात कानाकडे गेला. मला वाटलं, आता मशीन बंद करणार.

"चल, बाहेर पडू," हे म्हणाले. "इथं तुझं बोलणं ऐकू येत नाही."

बाहेर फुटपाथवर हवा गार होती. दोन रिक्षा आमच्याजवळ येऊन थांबल्या, त्यांना आम्ही नको म्हटलं आणि बोलत बोलत मार्गोसा रोडनं चालायला लागलो.