एक साधी रॅम आली आणि टोकणं बंद

मंडळी, आज एक गंमत झाली. बाबांच्या गिरणी संपाच्या आठवणी मी रेकॉर्ड करून ज्या जुन्या कॉम्प्युटरवर साठवतोय, त्यात ईसीसी रॅम आहे, म्हणजे बारीकसारीक चूक स्वतःच सुधारणारी. मेमरी कमी पडून मशीन अडखळायला लागलं म्हणून मित्र संदीप आज लालबागला घरी आला आणि त्याने शेजारी एक साधी रॅम बसवली.

मशीन झकास चालू झालं. मेमरी वाढली, पण चूक सुधारणं चक्क बंद!

"अरे, जुनी आत आहे ना अजून?"

"आहे रे. पण या बोर्डावर एक साधी आली की सगळ्याच साध्यासारख्या चालतात. मशीन तक्रारपण करत नाही."

तिकडे बाबा रंगात येऊन संदीपला सांगत होते, "संपात मी एकदाही गावी गेलो नाही." आई चहा देऊन गप्प बसली.

संदीप गेल्यावर लगेच ती बाबांना म्हणाली, "शिमग्याक गेल्लात मां तुमी!"

साधी रॅम मी काढून टाकली. पण बाबा खुलतात ते पाहुण्यासमोरच, आणि माझं सगळं रेकॉर्डिंग तेव्हाचंच आहे.

तुमच्याकडे टोकणारं माणूस कुणासमोर गप्प बसतं?